सरनौबतांची पहिली नजर

आजऱ्याच्या एसटी स्टँडसमोर चहाला उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत एक तरी पठ्ठ्या असा भेटतो, जो छातीठोकपणे सांगतो की आपण माणूस बघितल्या बघितल्या ओळखतो. नवा रूम पार्टनर कसा निघेल, कुठले सर पेपर कडक तपासणार, सेकंडहँड बाईक विकणारा खरं बोलतोय की थापा मारतोय, सगळं त्याला पहिल्या नजरेत कळतं. मीसुद्धा त्यातलाच होतो. कोल्हापूरला शिकायला गेलो तेव्हा रूम शोधताना एक जण भेटला. बोलणं गोड, चेहरा सालस, गावाकडची भाषा. दहा मिनिटांत माणूस मनात भरला आणि डिपॉझिटचे पैसे त्याच्या हातात ठेवून मोकळा झालो. पुढच्या आठवड्यात फोन बंद! रूम दुसऱ्याच कुणाच्या मालकीची निघाली.

त्या सुट्टीत घरी आलो होतो तेव्हा आम्ही चार मित्र बाईक काढून नेसरीला गेलो. आजऱ्याहून नेसरी काही फार लांब नाही, भाताची खाचरं आणि उसाचे फड बघत जायचं. नेसरीजवळच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. सात जणांच्या दौडीची कुसुमाग्रजांची कविता आपल्याला शाळेपासून पाठ असते, लता मंगेशकरांच्या आवाजातलं गाणं तर प्रत्येक शिवजयंतीला स्पीकरवर असतंच. त्यामुळे प्रतापराव म्हटलं की आपल्याला एकच दृश्य दिसतं. उधळलेले सात घोडे आणि समोर अफाट फौज. त्या दिवशी खिंडीत उभं राहून मात्र मला वेगळाच प्रश्न पडला. हा माणूस आठ वर्षं स्वराज्याच्या घोडदळाचा प्रमुख होता. घोडदळाच्या प्रमुखाचं आयुष्य म्हणजे रोज झटपट निर्णय. त्याचे आधीचे निर्णय कसे होते? तेही असेच उधळलेले होते का?

घरी येऊन वाचायला लागलो, आणि मग समजलं की गाण्यातले प्रतापराव म्हणजे त्यांच्या आयुष्याची फक्त शेवटची काही मिनिटं आहेत.

मूळ नाव कुडतोजी. साताऱ्याच्या खटाव भागातलं भोसरे हे त्यांचं गाव. प्रतापराव हा किताब शिवाजी महाराजांनी दिलेला. सरनौबत, म्हणजे घोडदळाचा सेनापती, हे पद त्यांच्याकडे आलं ते नेताजी पालकरांनंतर. आणि ते कसं आलं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जानेवारी १६६६ मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर छापा घातला, तो फसला. नेताजी ठरल्या वेळी मदतीला पोहोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं. म्हणजे प्रतापराव ज्या जागेवर बसले ती जागाच मुळी वेळ चुकल्यामुळे रिकामी झाली होती. उशीर करणाऱ्याला इथे माफी नाही, हा धडा त्यांना नेमणुकीबरोबरच मिळाला असणार.

त्यांच्या झटपट निर्णयाची पहिली मोठी परीक्षा औरंगाबादला झाली. आग्र्याहून महाराज सुटून आले, त्यानंतर मोगलांशी काही काळ तह होता. संभाजीराजांना मोगली मनसब मिळाली होती आणि त्या मनसबीची फौज औरंगाबादला शहजादा मुअज्जमच्या छावणीत होती. फौजेबरोबर प्रतापराव आणि निराजी रावजी हे दोघे. १६६९ च्या अखेरीस औरंगजेबाचा विचार फिरला. या दोघांना कैद करा आणि त्यांची घोडी जप्त करा, असा हुकूम दिल्लीहून निघाला. सभासदाच्या बखरीप्रमाणे शहजाद्याला त्याची खबर आधीच लागली आणि त्याने निराजीपंतांना सूचना देऊन ठेवली. आता जरा कल्पना करा. शत्रूचाच मुलगा सांगतोय की पळा. हा सापळा असू शकतो. पळालो तर तह मोडल्याचं खापर आपल्या माथी. थांबलो तर कदाचित बेड्या. राजगडाला विचारायला माणूस पाठवून उत्तर येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. हे लोक थांबले नाहीत. फौज घेऊन निघाले आणि सुखरूप स्वराज्यात आले.

पुढच्याच वर्षी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि पाठोपाठ मराठी घोडदळ वऱ्हाडात पार कारंज्यापर्यंत धडकलं. त्या सगळ्या धामधुमीत प्रतापराव होते. पण त्यांची नजर खरी कशी चालायची हे बघायचं तर साल्हेरला जायला हवं.

साल्हेर हा बागलाणातला किल्ला, आज नाशिक जिल्ह्यात. महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला तो. १६७१ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि मोगलांनी त्याला वेढा घातला. वेढा उठवायला १६७२ च्या सुरुवातीला एका बाजूने प्रतापराव घोडदळ घेऊन आले, दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळे पायदळ घेऊन. समोर इखलासखानाची ताज्या दमाची मोगली फौज. आतापर्यंत मराठ्यांची लढण्याची रीत म्हणजे डोंगरातून अचानक छापा घालायचा आणि गायब व्हायचं. इथे मात्र उघड्या मैदानात समोरासमोर.

ग्रँट डफने या लढाईचं जे वर्णन केलंय त्यात प्रतापरावांनी केलेली गोष्ट ऐकायला सोपी वाटते. इखलासखान हल्ल्याला अधीर झालाय हे त्यांनी ओळखलं. त्याला जवळ येऊ दिलं. मग पाठ फिरवून पळायला सुरुवात केली. मोगल घोडेस्वार विजयाच्या धुंदीत पाठलागाला सुटले, रांगा विस्कटल्या, पुढचे पुढे आणि मागचे मागे. त्या क्षणी प्रतापराव वळले.

हा जो वळण्याचा क्षण आहे ना, तो कुठल्याही पुस्तकात लिहिलेला नसतो. थोडं लवकर वळलात तर शत्रूच्या रांगा अजून शाबूत असतात. थोडा उशीर केलात तर खोटं पळणं खरं पळणं होऊन बसतं, कारण आपल्याच माणसांचा धीर सुटतो. धुळीच्या लोटातून मागे बघत, घोड्याच्या पाठीवरून, हे ठरवायचं. विचार करायला वेळच नाही. मराठ्यांनी ती लढाई मोठ्या फरकाने जिंकली. मोगलांचे नामांकित सरदार जखमी होऊन हाती लागले, साल्हेरचा वेढा उठला. आपल्या बाजूला सूर्यराव काकडे पडले. मोगलांच्या मोठ्या फौजेला मोकळ्या मैदानात हरवता येतं हे त्या दिवशी सिद्ध झालं.

असला निर्णय कुठून येतो? आपण त्याला आतला आवाज म्हणतो, उपजत देणगी म्हणतो. हर्बर्ट सायमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने बुद्धिबळाच्या पटाईत खेळाडूंचा अभ्यास करून फार साधं उत्तर दिलं. त्याच्या मते अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं, त्यापेक्षा जास्त काही नाही. हजारो डाव डोळ्यांखालून गेलेले असतात, नवा पट समोर आला की त्यातला ओळखीचा भाग झटकन दिसतो. गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या जवानांच्या मुलाखती घेतल्या. त्यातला एक अधिकारी घरात शिरून आगीवर पाणी मारत होता, आणि अचानक त्याने सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. का, ते त्यालाच सांगता येईना. माणसं बाहेर पडली आणि ते उभे होते ती जमीन खाली कोसळली. आग तळघरात होती. नंतर खोदून खोदून विचारल्यावर कळलं की खोली जरुरीपेक्षा जास्त तापली होती, आवाज मात्र कमी होता आणि पाणी मारूनही आग हटत नव्हती. डोक्याने हिशोब मांडण्याआधी अनुभवाने तो मांडला होता.

प्रतापरावांचं तेच. घोड्यांच्या टापांचा आवाज, धूळ किती उंच उठली, शत्रूच्या रांगेत फट कुठे पडली, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलेलं होतं. आणि प्रत्येक वेळी आपला अंदाज बरोबर की चूक हे तासाभरात समजत होतं. चूक झाली की माणसं जायची. याहून कडक परीक्षक कोण असणार?

आता उमराणीला येऊ. माझ्या मते प्रतापरावांच्या आयुष्यातला खरा प्रसंग हाच आहे, नेसरी नाही.

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी जेमतेम साठ माणसं घेऊन रात्रीच्या अंधारात पन्हाळा घेतला. ज्या पन्हाळ्यापायी नेताजींचं पद गेलं तो पन्हाळा आता हाती आला. विजापूर चवताळलं. तिथे गादीवर लहानगा सिकंदर आदिलशाह होता, कारभार खवासखान बघत होता. पन्हाळा परत घ्यायला त्याने अब्दुल करीम बहलोलखान या पठाण सरदाराला पाठवलं. बहलोल म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, विजापूरच्या फौजेतला सगळ्यात जबरदस्त सेनानी.

महाराजांनी प्रतापरावांना त्याच्यावर धाडलं. बहलोल पन्हाळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच, एप्रिल १६७३ मध्ये, प्रतापरावांनी त्याला उमराणीजवळ गाठलं. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात आहे. जतचा एप्रिल ज्यांनी अनुभवलाय त्यांना जास्त सांगायला नको. आपल्या आजऱ्यासारखी तिथे बारमाही हिरवळ नाही. पाणी म्हणजे जीव. प्रतापरावांनी तिथेही काय करायचं ते क्षणात ताडलं. फौजेवर तुटून पडण्याआधी त्यांनी पाणी धरलं. बहलोलची छावणी आणि पाणी यांच्या मधे मराठी घोडदळ उभं राहिलं. दिवसभर लढाई झाली. हत्ती, घोडी, माणसं, सगळी तहानेने कासावीस. संध्याकाळपर्यंत बहलोलकडे दोनच रस्ते उरले, तहानेने मरायचं किंवा शरण यायचं. पन्हाळा घेतल्याच्या प्रसंगावर जयराम पिंड्ये या कवीने त्याच काळात एक संस्कृत काव्य लिहिलं, त्यातसुद्धा बहलोलशी झालेली ही लढाई येते. इतकी ती गाजली होती.

इथपर्यंत साल्हेरचाच माणूस दिसतो. जमीन, पाणी, वेळ, सगळं अचूक.

मग बहलोलचा निरोप आला. सभासदाने त्याचा मतलब दिलाय. मी काही आपण होऊन तुमच्यावर आलो नाही, बादशहाच्या हुकमाने आलो, यापुढे मी तुमचाच, पुन्हा वाकड्यात शिरणार नाही, अशा अर्थाची विनवणी. आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. फौजेसकट.

का? इतिहासकारांनी यावर बरंच लिहिलंय. दयाबुद्धी म्हणा, सरदाराने सरदाराला दिलेला मान म्हणा, किंवा विजापूरशी पुढे जुळवून घ्यावं लागलं तर एक माणूस हाताशी असावा असा हिशोब म्हणा. मला यात एक अगदी ओळखीची गोष्ट दिसते. तहानेने सुकलेला, हात जोडलेला शत्रू समोर आहे. तो जे बोलतोय ते त्या क्षणी कदाचित त्याला स्वतःलाही खरं वाटत असेल. त्याच्याकडे बघून प्रतापरावांना वाटलं की माणूस खरा आहे. दिवसभर ज्या नजरेने एकही चूक केली नव्हती, तिच्यावरच त्यांनी संध्याकाळी विश्वास ठेवला. पण सकाळची नजर जमीन आणि घोडी वाचत होती. संध्याकाळी ती माणसाचं पुढच्या वर्षीचं वागणं वाचायला निघाली होती. त्या कामाचा सराव कुणालाच नसतो. कारण एखाद्यावर विश्वास टाकल्यावर तो खरा ठरला की खोटा, हे कळायला महिने लागतात, कधी वर्षं.

डॅनियल काहनेमन हे नाव तुमच्यापैकी कॉमर्स आणि सायकॉलॉजीवाल्यांनी ऐकलं असेल, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. विशीत असताना ते इस्रायली सैन्यात होते. नव्या जवानांना एक अवघड कामगिरी द्यायची, ते कसे वागतात ते बघायचं आणि त्यातला चांगला अधिकारी कोण होईल ते सांगायचं, असं त्यांचं काम. बघता बघता चित्र स्पष्ट व्हायचं, हा पुढारी, हा पळपुटा. मनात शंका म्हणून राहायची नाही. पुढे प्रशिक्षण केंद्रातून निकाल यायचे तेव्हा दिसायचं की हे सगळे ठाम अंदाज डोळे मिटून सांगितलेल्यापेक्षा फारसे बरे नव्हते. गंमत म्हणजे हे कळूनसुद्धा पुढच्या तुकडीकडे बघताना त्यांना तितकीच खात्री वाटायची. हेच काहनेमन आणि आगवाल्यांचा अभ्यास करणारे क्लाइन, एक अंतःप्रेरणेवर शंका घेणारा आणि दुसरा तिचा चाहता, पुढे एकत्र बसले आणि २००९ मध्ये दोघांनी मिळून एक लेख लिहिला. भांडण होईल असं लोकांना वाटलं होतं, पण मुख्य मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. ज्या कामात तीच तीच चिन्हं पुन्हा पुन्हा दिसतात आणि चूक लगेच कळते, तिथे नजर तयार होते. बाकी ठिकाणी फक्त खात्री तयार होते. आणि आतून दोन्ही सारख्याच वाटतात.

उमराणीची बातमी महाराजांना कळली आणि ते संतापले. कुणाला विचारून सल्ला केला, असा त्यांचा सवाल होता. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. बहलोलसारखा सेनानी असा कोंडीत पुन्हा कधी सापडणार? प्रतापराव तिथून कर्नाटकात उतरले, हुबळी लुटली, तिथल्या इंग्रजांच्या वखारीलाही झळ बसली आणि इंग्रज पुढे कितीतरी दिवस नुकसानभरपाई मागत राहिले. म्हणजे काम थांबलं नव्हतं. पण बहलोल काही महिन्यांत पुन्हा सज्ज होऊन मराठी मुलखावर आला. शब्द हवेत विरला. आता तर सगळ्या फौजेला दिसत होतं की सरनौबतांनी कुणाला सोडलं होतं.

महाराजांनी प्रतापरावांना पत्र पाठवलं. हा बहलोल पुन्हा पुन्हा येतो, त्याला बुडवून फत्ते करा, नाहीतर आम्हाला तोंड दाखवू नका, असा त्याचा आशय बखरींत येतो. हे पत्र कुठल्या परिस्थितीत लिहिलं गेलं तेही बघायला हवं. १६७४ चं साल उजाडलं होतं, रायगडावर राज्याभिषेकाचे बेत सुरू होते. स्वराज्याचा सरनौबत त्या समारंभात मानाच्या जागी उभा असायला हवा होता. त्याच माणसाला तोंड दाखवू नका असा निरोप.

२४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्रीचा दिवस. बहलोलखान नेसरीच्या बाजूला आल्याची खबर प्रतापरावांना लागली. सभासदाने दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या वाटेवरच्या लढाईचं वर्णन केलंय. परंपरा सांगते की खबर ऐकताच प्रतापरावांनी घोड्याला टाच दिली, फौजेला हाक घालायलाही थांबले नाहीत. मागोमाग सहा जण निघाले. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे, ही परंपरेने चालत आलेली नावं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने रायगडाहून पाठवलेल्या पत्रातही प्रतापराव आणि आणखी सहा घोडेस्वार दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत मारले गेले आणि बाकीच्या फौजेची मदत त्यांना मिळाली नाही, अशी माहिती आहे. सातचा आकडा म्हणजे नुसतं काव्य नव्हे, हे मला त्या पत्रामुळे पटलं. कवितेत आणि पत्रात फरक आहे तो एवढाच की कविता दौडीकडे बघते, आणि शेणवी न पोहोचलेल्या मदतीकडे.

खिंडीत उभं राहिलं की आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसते. अशा जागेत पुढे कोण आहे ते कळत नाही, मागे कोण येतंय तेही कळत नाही. इखलासखानाला साल्हेरला आपल्यामागे ओढत नेऊन विस्कटवणारा हा माणूस. पाठलागाच्या नादात रांग मोडली की काय होतं, हे सगळ्या स्वराज्यात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. उमराणीला आधी पाणी धरा, मग लढा, हे त्यालाच सुचलं होतं. ती सगळी नजर त्या सकाळी कुठे गेली?

माझं उत्तर असं आहे, पटलं तर घ्या. नेसरीला प्रतापरावांच्या आतून जो आवाज आला तो अनुभवाचा नव्हता. तो लागलेल्या शब्दाचा होता. दहा महिने मनात धुमसत असलेली शरम बहलोलचं नाव ऐकताच उसळली. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, शरम बोलते तीही अनुभवाच्याच आवाजात. तितकीच झटपट, तितकीच ठाम. छातीत तीच धडधड. इखलासखानापुढून वळतानाही असंच वाटलं असेल आणि नेसरीला टाच मारतानाही.

यावर आमच्या ग्रुपमध्ये तिथेच स्मारकाजवळ वाद पेटला. एका मित्राला माझं बोलणं अजिबात आवडलं नाही. त्याचं म्हणणं, अशा माणसाच्या निर्णयाची चिरफाड करणारे आपण कोण, जिवाची पर्वा न करता गेले यातच सगळं आलं. त्यात तथ्य आहे. आपला मान आपल्या जिवापेक्षा मोठा मानणारी माणसं होती म्हणून तर हे राज्य उभं राहिलं. पण मला वाटतं, त्यांना फक्त वेडाच्या भरात दौडणारे म्हणून लक्षात ठेवणं हाच त्यांच्यावरचा खरा अन्याय आहे. साल्हेरचे प्रतापराव कुठे कुणाला माहीत आहेत?

त्या दिवशी आणखी एका माणसाला झटपट निर्णय घ्यायचा होता. तो म्हणजे आनंदराव, प्रतापरावांच्या फौजेतले सरदार. सेनापती पडला की त्या काळात फौजा पांगायच्या, तो ठरलेला शिरस्ताच. सूड म्हणून खिंडीत घुसावं असं किती जणांना वाटलं असेल! आनंदरावांनी फौज सावरली, एकत्र ठेवली आणि खिंडीत पुन्हा डोकं न आपटता ती बहलोलच्याच मुलखात खोल घुसवली. मार्चमध्ये त्यांनी संपगावची पेठ लुटली आणि मोठी लूट घेऊन परतले. संपगाव आज बेळगाव जिल्ह्यात येतं. शत्रू जिथे उभा आहे तिथे न जाता त्याचं घर जिथे आहे तिथे जायचं. मला तर यात प्रतापरावांचाच हात दिसतो, उमराणीला पाणी धरणारा. आनंदरावांच्या नावाने गाणं नाही, आणि खरं सांगतो, त्या दिवसापर्यंत मीसुद्धा त्यांचं नाव ऐकलं नव्हतं.

रायगडावर बातमी पोहोचली तेव्हा महाराजांना अतिशय दुःख झालं. आपणच लिहून पाठवलं होतं, ही बोचणी त्यात होती, असं बखर वाचताना जाणवतं. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र हाही एक झटपट निर्णयच होता. महाराज माणसं पारखण्यात किती तरबेज! पण आपल्या एका वाक्याने सरनौबत इतका दुखावेल हे त्या घडीला त्यांच्याही नजरेतून सुटलं. पुढे सरनौबतपद हंसाजी मोहित्यांना मिळालं, हंबीरराव हा किताब देऊन. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा घोडदळाचे प्रमुख म्हणून हंबीरराव हजर होते.

आणि बहलोलखान? उमराणीला ज्याला जीवदान मिळालं त्याने १६७५ मध्ये विजापुरात खवासखानाला कैद केलं आणि सगळा कारभार स्वतःच्या हातात घेतला. ज्याने त्याला पन्हाळ्यावर पाठवलं होतं त्याच्यावरच तो उलटला. त्यानंतर दक्खनी आणि पठाण सरदारांच्या भांडणात विजापूर पोखरत गेलं. १६७७ च्या अखेरीस बहलोल मेला. म्हणजे प्रतापरावांनंतर जवळपास चार वर्षं तो जगला.

महाराज प्रतापरावांच्या घराला विसरले नाहीत. मार्च १६८० मध्ये त्यांनी धाकट्या राजारामांचं लग्न लावलं ते प्रतापरावांच्या मुलीशी, जानकीबाईंशी. नेसरीला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या लग्नानंतर महिनाभराच्या आत, ३ एप्रिलला, महाराज गेले. आणि पुढे जिंजीला, याच राजारामांच्या सांगण्यावरून, कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये आपली बखर लिहिली. उमराणी, ते पत्र आणि नेसरीची खिंड, सगळं त्याने लिहून ठेवलं आपल्या धन्यासाठी, म्हणजे प्रतापरावांच्या जावयासाठी.